केदारीबाबांची बाज

"आई, हिला जरा निजवू का हितं?"

दारात एक बाई उभी होती. पंचविशीच्या आतली, अंगावर विटकं हिरवं लुगडं, पाठीला सहा वर्षांची पोर बांधलेली. पोरीचं डोकं आईच्या खांद्यावरून खाली लोंबत होतं आणि तोंड उघडंच होतं. सकाळचे नऊ वाजत होते. दिवाळी सरून पंधरवडा झाला होता आणि हवेत गारवा होता, तरी त्या पोरीच्या कपाळावर घाम होता. पडवीत पंधरा-वीस माणसं तिच्याआधीच येऊन बसली होती. त्यांनी सरकून वाट करून दिली.

"कुठून आलीस गं?" मी विचारलं.

"बोरटाकहून. नगरला चाललेय, मोठ्या इस्पितळात. पुढची गाडी अकराला हाय म्हनत्यात. फाट्यावर बाया म्हनल्या, तवर बाबाच्या बाजंवर निजीव, उतार पडंल."

"निजव," मी म्हणाले.

तिनं पाठीवरची गाठ सोडली. मी पोरीचे पाय धरले आणि दोघींनी मिळून तिला बाजेवर ठेवली. पोर हलकी होती, वाळल्या गवताच्या पेंढीसारखी. तिचं नाव मंजुळा आणि आईचं द्वारका, हे मला मग कळलं.

ती बाज कुणाची होती आणि मला सगळे 'आई' का म्हणत होते, ते आधी सांगते.

माझं नाव एस्तेर मनोहर हिवाळे. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते काविळीनं गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीनं मला लोणझरीला पाठवलं. नगरपासून तिथं मोटारीनं दीड तास लागायचा. रेव्हरंड शिवराम केदारी यांचं ते जन्मगाव. फार पूर्वी त्यांचे वडील त्याच घरात देवऋषीपण करत. अंगारा द्यायचे, गंडेदोरे बांधायचे, झपाटलेल्या बायांना छडीनं झोडायचे. मुलाला ते सोसेना. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून नगरला गेला, ख्रिस्ती झाला, पुढं पाळक झाला आणि सारी हयात अंगाऱ्याशी भांडला. परक्यांशी भांडला तसा आपल्या लोकांशीही भांडला, कारण बाप्तिस्मा घेऊनही मंडळीतले लोक सदऱ्याच्या आत ताईत बांधायचेच. प्लेगात केदारीसाहेब गावोगाव पायी हिंडले आणि लोकांना हाताला धरधरून दवाखान्यात नेलं. म्हातारपणी जन्मगावी परत आले आणि त्याच घरात, त्याच बाजेवर गेले.

त्या घराचं मंडळीनं स्मृतिसंग्रहालय केलं होतं. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. पहिल्या खोलीत त्यांचा फोटो, चष्मा, काठी, प्लेगच्या वेळची औषधांची लाकडी पेटी, आणि काचेखाली त्यांनी लिहिलेलं 'अंगारा की औषध' हे चोपडं. दुसऱ्या खोलीत ती बाज, भोवती दोरी लावलेली. मागच्या अंगाला माझी खोली. माझं काम दार उघडायचं, झाडलोट करायची आणि कुणी आलंच तर माहिती सांगायची.

कुणी येत नसे. वर्षाला दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी पाणी प्यायला. माहिती मला तोंडपाठ होती, पण ऐकायला भिंती. कधीकधी दोन-दोन दिवस मी कुणाशी बोललेली नसायची. चौथ्या वर्षी पुण्याहून विश्वस्तांचं पत्र आलं की एवढ्या लांब कुणी येत नाही, तेव्हा वस्तू पुण्याला हलवून घर बंद करावं असा विचार चालू आहे. घर बंद झालं म्हणजे माझी खोलीही गेली. जायचं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात एक बाई उन्हाची आत शिरली आणि मी बघेबघेपर्यंत दोरी ओलांडून बाजेवर आडवी झाली. मी रागावले. तिनं ऐकलं नाही, ती झोपलीच होती. तासाभरानं उठली आणि म्हणाली, सहा वर्षांची अर्धशिशी गेली. पुढच्या शनिवारी ती आणखी सहा बायांना घेऊन आली.

पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा दोरी घट्ट बांधली. मग एक दिवस एक म्हातारा आला, माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुमच्या हातानं निजवा. तुम्ही बाबाजवळ ऱ्हाता." माझ्या बापाच्या वयाचा माणूस. माझ्याशी कुणी त्या तऱ्हेनं कधी बोललं नव्हतं. मी दोरी सोडली आणि खुंटीला अडकवली.

त्यानंतर दोन वर्षं रीघ लागली. केदारीसाहेबांचे केदारीबाबा झाले. विश्वस्तांनी येणाऱ्यांच्या वहीतल्या सह्या बघितल्या आणि हलवाहलवीचं बोलणं सोडून दिलं. एवढी माणसं कशाला येतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढं मी आलेल्यांना बाबांच्या तांब्यातलं पाणी द्यायला लागले. तसं कर म्हणून मला कुणीच सांगितलं नव्हतं. तांब्याही बाबांचा नव्हता, माझ्या लग्नातला होता.

हे सगळं ज्यांना रुचत नव्हतं ते एकच गृहस्थ होते, आमचे पाळक रेव्हरंड जयवंत तोरणे. तिशीचे, सडपातळ, एका जुन्या मोटारसायकलवरून सात गावच्या मंडळ्या सांभाळायचे. महिन्यातून एका रविवारी लोणझरीत उपासना असे, तिच्यासाठी ते शनिवारी दुपारीच मुक्कामाला येत.

"एस्तेरबाई, दोरी कुठं गेली?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"धुवायला काढलीय, पाळकसाहेब."

ते खुंटीकडं बघत राहिले. "केदारीसाहेबांनी हे बघितलं असतं तर बाजेला काडी लावली असती."

"लोकांना बरं वाटतं, साहेब."

"त्यांच्या वडिलांच्या अंगाऱ्यानंही लोकांना बरं वाटायचं," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी बांधली. सोमवारी ते गेले आणि मी ती सोडली.

तर त्या शनिवारी मंजुळा बाजेवर निजली होती.

द्वारका उशाशी बसली. दोन दिवस पोरीनं काही गिळलं नव्हतं. घसा दुखतो म्हणायची, मग म्हणेनाशी झाली. नवरा खडी फोडायच्या कामावर श्रीगोंद्याकडं. सासूनं पहाटे हिला उठवलं आणि गावच्या डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली.

"आत्याबाई म्हनल्या, सरळ नगरला जा, कुठं थांबू नको." सासूला ती आत्याबाई म्हणायची. कमरेची पिशवी उघडून तिनं घडी केलेला कागद काढला. "ही बघा. काय लिव्हलंय वो?"

मी कागद उलगडला, वाचला आणि पुन्हा घडी करून तिच्या हातात दिला.

"ताप आहे, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"तसा ताप हायेच."

मी पोरीच्या ओठांना पाणी लावलं. बायांनी केदारीबाबांचं नाव घेतलं. दहा वाजले, साडेदहा वाजले. अकराला फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला तशी द्वारका उठली आणि पोरीला पाठीशी घ्यायला तिनं लुगड्याची गाठ मारली. मग थांबली.

"आई, तुम्ही सांगा. न्हेऊ का ऱ्हाऊ देऊ?"

पडवीतली माणसं दाराशी गोळा झाली होती. सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. एक म्हातारी म्हणाली, "आई सांगतील तसं कर, पोरी." खोलीत कुणी हालेना. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला.

ती शांतता मला अजून आठवते. वीस माणसं माझ्या तोंडातून काय येतंय याची वाट बघत होती आणि मला ते आवडलं होतं. मी एक साधी विधवा आहे, मला काही कळत नाही, गाडी पकड, पळ. एवढं बोलायला किती वेळ लागला असता?

"राहू दे," मी म्हणाले. "पाचची गाडी आहे. तोवर उतार पडेल."

द्वारकेनं गाठ सोडली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी बघितला.

दुपारी पोरीनं डोळे उघडले. दोन घोट पाणी कसंबसं गिळलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आये, घरी जायाचं." पडवीत एकच गलका झाला. कुणी उंबऱ्यावर नारळ फोडला. त्या घराच्या उंबऱ्यावर तोवर कधी नारळ फुटला नव्हता. एक तरणा गडी सरळ माझ्या पायांवर डोकं टेकून मोकळा झाला. केदारीसाहेब पाया पडू द्यायचे नाहीत, पाय मागं घ्यायचे, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. मी माझे पाय मागं घेतले नाहीत.

तीनच्या सुमाराला तिच्या घशातून आवाज यायला लागला. ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा. मान दोन्ही बाजूंनी फुगली होती. मी तिच्या गळ्याला तेल चोळलं, आणखी पाणी पाजायला गेले तर ते नाकातून बाहेर आलं. द्वारका माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी पोरीकडं. मघाशी जल्लोष करणारी माणसं एकेक करून उठली, चपला घातल्या आणि गेली. चार वाजता पडवीत कुणी नव्हतं.

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. पाळकसाहेब आत आले, बाजेपाशी वाकले, पोरीचं तोंड उघडून उजेडाकडं वळवलं आणि पटकन सरळ झाले.

"किती वेळ आहे ही इथं?"

"सकाळधरनं," द्वारका म्हणाली.

"उचला तिला. चला."

"आईंनी सांगितलंय, पाचपतोर..."

"उचला म्हणतो ना!" ते ओरडले. त्यांना मी त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्यांनीच पोरीला उचललं. द्वारका बाजेच्या पायथ्याची दावण धरून बसली होती, "नका हालवू, साहेब, बाबाची बाज सोडवू नका," म्हणत होती. त्यांनी तिची बोटं सोडवली. तिला मागं बसवलं, पोर तिच्या मांडीत दिली आणि गाडी मारली. मी दारात उभी होते. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही निघाले नाही.

नगर चार मैलांवर असताना मंजुळा गेली.

रविवारी सकाळी पाळकसाहेब परत आले. आंघोळ नाही, दाढी नाही, कालचेच कपडे. उपासनेला सात-आठ जण जमले होते. त्यांना त्यांनी हात जोडून घरी पाठवलं आणि माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात द्वारकेच्या पिशवीतला तो कागद होता.

"ही तुम्ही वाचली होती?"

मी मान डोलावली.

"मोठ्यानं वाचा."

"साहेब..."

"वाचा, एस्तेरबाई."

मी वाचलं. "मुलीला घटसर्प आहे. नगरच्या मोठ्या दवाखान्यात आजच दाखल करावे. वाटेत कोठेही थांबू नये. उशीर झाल्यास श्वास बंद पडून मूल दगावेल."

"बोरटाकच्या त्या डॉक्टरला मी आता भेटून आलो," ते म्हणाले. "मी विचारलं, दवाखान्याची चिठ्ठी तुम्ही मराठीत का लिहिलीत? तो म्हणाला, बाईला वाचता येत नाही. वाटेत कुणालाही दाखवली तर त्यानं तिला पुढं ढकलावी, म्हणून."

मी खाली बसले. ते बसले नाहीत, रागावलेही नाहीत. कागद त्यांनी माझ्यापुढं जमिनीवर ठेवला आणि गेले.

सोमवारी सरकारी आरोग्य खात्याची माणसं आली. दोन्ही खोल्यांत औषध फवारलं, गावातल्या सगळ्या पोरांना सुया टोचल्या, पंधरा दिवस घर बंद ठेवा म्हणून सांगून गेली. आणखी कुणाला आजार झाला नाही, एवढी देवाची दया.

पण गोष्ट तिथं संपली नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात द्वारका ऊर बडवत एकच बोलत होती की साहेबांनी बाजेवरून उचलली म्हणून पोर गेली. दुपारी बरी होती, पाणी प्याली, बोलली, ते वीस माणसांनी बघितलं होतं. बाबानं हात दिला होता आणि पाळकानं तो तोडला. आठ दिवसांत हे सगळ्या पट्ट्यात पसरलं. बोरटाकच्या वाटेवर चार गड्यांनी पाळकसाहेबांना गाडीवरून ओढून खाली पाडलं. उजवा हात कोपरापाशी मोडला.

मी त्यांना भेटायला गेले. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, हात गळ्यात. त्यांच्या पत्नींनी मला बसायला पाट दिला आणि त्या आत निघून गेल्या.

"तुम्ही चिठ्ठीचं कुणाला सांगितलं नाहीत," मी म्हणाले.

"नाही."

"पोलिसांनाही नाही?"

"त्यांनी हाताचं विचारलं. हाताचं सांगितलं."

"मी सांगते, साहेब. बोरटाकला जाते, पंचांसमोर सांगते. तुमच्यावर आळ का म्हणून?"

त्यांनी गळ्यातला हात सावरला. मग म्हणाले, "त्या बाईनं सगळं माझ्यावर टाकलंय. माझ्यावर टाकलंय म्हणून ती उभी आहे. नाहीतर ती स्वतःवर टाकेल. थांबले मीच, असं म्हणेल."

"मग मी गप्प राहू?"

"ते मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो की स्वतःला हलकं करण्यासाठी सांगू नका. तिला उपयोग होणार असेल तर सांगा."

मी परत आले. कुणाला उपयोग होणार, हे मला कळेना. खरं सांगायचं तर कळत नव्हतं हे बरंच वाटत होतं. पंधरा दिवसांनी घर उघडलं तेव्हा मी दोरी बांधली. लोक आले, दोरी बघून माझ्याकडं बघू लागले. "बाबा कोपलेत," असं आपापसात बोलून ते पडवीत बसून राहायचे. मी खोलीतून बाहेर येत नसे. आतून कडी लावून पडून राहायचे आणि त्यांचं कुजबुजणं ऐकायचे.

पोर गेल्याला पाच आठवडे झाले आणि द्वारका आली.

मी तिला ओळखलंच नाही. गाल आत गेले होते. केसांना तेल नव्हतं. लुगडं तेच होतं. मला वाटलं, मारायला आली. ती आली आणि माझे पाय धरून बसली.

"आई, माज्यासंगं बोरटाकला चला."

"कशाला गं?"

"आत्याबाईंना सांगाया. त्या मला घरात घेईनात. म्हनत्यात, सरळ जा म्हनलं व्हतं, तू थांबलीस, पोर तूच मारलीस. गोठ्यात ठिवलंय मला. भाकर आनून समोर टाकत्यात, बोलत नाहीत. मालक आले व्हते, त्येंनी बी तोंड फिरिवलं. मी किती सांगितलं, पोर बरी झाली व्हती, पाळकानं उचलली म्हनून गेली. माजं कुनी ऐकत न्हाई." तिनं वर बघितलं. "तुमचं ऐकतील. तुम्ही येऊन एवढं सांगा, की पाळकाची चूक. मग घेतील मला."

मी तिला हात धरून उठवलं. आत नेलं, माझ्या खोलीत, आणि दार लावून घेतलं. तो कागद माझ्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी होता. मी तो काढला.

"द्वारका, ही तुझी चिठ्ठी. त्या दिवशी मी तुला सांगितलं ते हिच्यात नाही."

"मंग?"

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. ती कागदाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"पुन्यांदा वाचा."

मी वाचलं.

"कुठं थांबू नये, असं हाय?"

"हो."

"तुम्हाला त्या दिशी हे वाचाया आलं व्हतं?"

"आलं होतं."

"मंग मी इचारलं तवा का न्हाई बोलला?"

मी काय सांगणार होते? लोक बघत होते म्हणून? मला आई म्हणत होते म्हणून? बाजेवर निजलेलं माणूस उठून नगरला गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणी आलं नसतं म्हणून? हे सगळंच खरं होतं आणि त्यातलं काहीच त्या बाईला सांगण्याजोगं नव्हतं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "पाळकसाहेबांची नाही. तुझी नाही. माझी."

ती ओरडली नाही. मला वाटत होतं, तिनं ओरडावं. भिंतीला टेकून ती खाली बसली आणि म्हणाली, "अजून वाचा."

मी वाचू लागले तसे तिचे ओठ हलायला लागले. मला आधी समजेना. मग ध्यानात आलं की ती पाठ करत होती. वाचता येत नव्हतं ना तिला. शब्द चुकला की थांबवायची आणि मागून पुन्हा घ्यायला लावायची. 'दाखल करावे' तिला येईना, तो शब्द तिनं पाच-सहा वेळा म्हणवून घेतला. शेवटच्या 'दगावेल' या शब्दापाशी आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सगळं नीट यायला लागलं तेव्हा तिनं माझ्या हातातून कागद घेतला, पिशवीत ठेवला आणि उठली.

"मी थांबले न्हवते," ती म्हणाली. "मी गाठ मारली व्हती. मला थांबिवलं."

"हो."

"आसंच सांगीन घरी."

"मी येते बरोबर. मी सांगते त्यांना."

"तुम्ही येऊ नका."

दार उघडून ती गेली. मी फाट्यापर्यंत तिच्या मागं चालत होते, दहा-बारा पावलं अंतर ठेवून. तिनं मागं वळून बघितलं नाही. गाडी आली, ती चढली.

पुढचं थोडक्यात सांगते. मी विश्वस्तांना सगळं लिहून कळवलं आणि पडवीत बसलेल्या लोकांनाही सांगितलं. काही रागावले, एकदोघांनी शिव्या दिल्या, बऱ्याच जणांचा विश्वासच बसला नाही. नव्या वर्षात वस्तू पुण्याला गेल्या आणि घराला कुलूप लागलं. पाळकसाहेबांची त्याआधीच मराठवाड्यात बदली झाली होती. त्यांचा हात पुढं नीट सरळ झाला नाही, असं ऐकलं. मी नगरला बहिणीकडं आले आणि शिवणकाम करून राहिले. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. बहीण गेली, तिची मुलं मला सांभाळतात, चांगली आहेत. केदारीसाहेबांविषयी ती कधी विचारत नाहीत आणि मीही काढत नाही.

पण लोणझरी सोडण्याआधीचा एक दिवस सांगायचा राहिला.

द्वारका येऊन गेली त्याला आठ दिवस झाले होते. मी पहिल्या खोलीत काचा पुसत होते. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. उंच, कपाळाला ठसठशीत गोंदण, हातात काठी. बोरटाकहून फाट्यापर्यंत गाडीनं आणि फाट्यापासून पायी आली असावी, पाय धुळीनं भरले होते. ती आत आली नाही.

"तुमीच का त्या?" तिनं विचारलं.

"हो."

"मी द्वारकेची सासू."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"सून एक कागूद दाखवती. मास्तराकडनं वाचून घेतला. कागदात हाय ते खरं हाय, ते कळलं. पर ती म्हनती, तुम्ही दुसरंच वाचून दाखिवलं." ती श्वास घ्यायला थांबली. "ते ऐकाया आले. तुमच्या तोंडनं."

"ती म्हणते ते खरं आहे."

"कागूद तुम्हाला समजला व्हता?"

"समजला होता."

"ती निघाली व्हती?"

"निघाली होती. गाठ मारून उभी होती. मी राहू दे म्हणाले म्हणून राहिली."

म्हातारीनं काठीवर दोन्ही हात ठेवले. ती माझ्याकडं बघत होती आणि मला वाटलं, आता ती काठी उचलेल. मी वाट बघत होते. पण ती बोलली तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती.

"थंडीची गोठ्यात निजवली मी तिला," ती म्हणाली. "लेकरू गेलेल्या बाईला."

मी पुढं झाले. "आजी, बसा जरा. पाणी देते."

"नगं."

ती वळली. पडवीतून उतरली, काठीनं वाटेचा अंदाज घेत चार पावलं गेली आणि थांबली. मागं न बघताच तिनं सांगितलं, "तिला मी आज घरात घेते. तुमचं तुम्ही बघा."